आजी, आपण कोणाला हरवलं?



मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन करून नातू घरी आला आणि दप्तर टाकता टाकता विचारलं, "आजी, आपण कोणाला हरवलं?" दुसरीतलं पोर. "रझाकारांना," असं मी म्हणाले खरी, पण माझंच समाधान झालं नाही.

देश १९४७ साली स्वतंत्र झाला, पण आपली बेंबळी निजामाच्या हैदराबाद संस्थानातच राहिली. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लोक तुरुंगात जात होते, आणि कासीम रझवीचे रझाकार गावं लुटत, जाळत होते. हा रझवी लातूरला वकिली करायचा, आणि लातूर तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होतं. १३ सप्टेंबर १९४८ला भारतीय फौज सोलापूरकडून नळदुर्गात शिरली. पाचव्या दिवशी, १७ तारखेला, निजामाने हार मानली. त्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. म्हणजे हे सगळं आपल्या दशलक्षण पर्वातच घडलं!

इथपर्यंत आपण मुलांना सांगतो. पुढचं पान मात्र उलटत नाही. रझाकारांचा सूड ज्यांनी काहीच केलं नव्हतं अशा मुसलमान शेजाऱ्यांवर उगवला गेला. सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. सर्वात जास्त झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत आपला उस्मानाबादही होता. हा अहवाल कितीतरी वर्षं लोकांपुढे आलाच नाही.

मी कॉमर्सची. खतावणीत जमेची बाजू लिहून नावेची कोरी ठेवली, तर ताळेबंद जुळत नाही. गावाच्या इतिहासाचंही तसंच आहे.

पण सात वर्षांच्या मुलाला हे आकडे कसे सांगायचे? त्याच अहवालात एक गोष्ट आहे. काही ठिकाणी हिंदू विणकर आपल्या मुसलमान विणकर भावांना वाचवायला उभे राहिले, त्यात स्वतःचा जीवही गमावला. मी नातवाला तीच सांगितली. म्हटलं, "बाळा, त्या दिवशी जुलूम संपला, हे चांगलं झालं. पण नंतर आपल्याही लोकांच्या हातून चुका झाल्या. आणि हे विणकर खरे शूर."

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मग ज्यांनी चूक केली, त्यांनी क्षमावाणीला क्षमा मागितली का?"

मला उत्तर देता आलं नाही. क्षमावाणीला आपण आपल्याच माणसांपुढे हात जोडून मोकळ्या होतो. यंदा "उत्तम क्षमा" म्हणताना ते १९४८चे शेजारीही मनात आणू या, आणि मुलांना जवळ बसवून का ते सांगू या.