बरॅकपासून फ्लॅटपर्यंत : आपल्या तीन गावांतील घरांचा इतिहास

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त प्रसिद्ध होणाऱ्या या स्मरणिकेसाठी काही लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाने केली. धर्म व तत्त्वज्ञान या विषयांवर लेखणी चालवण्याचा माझा अधिकार नाही. ते काम या अंकात योग्य हातांनी केलेले आहेच. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर व व्यवसायाने कापड व्यापारी. परंतु पडदे, चादरी व गाद्यांच्या खोळी यांचे कापड विकणाऱ्या माणसाला लोकांच्या घरांची मापे नकळत पाठ होतात. दाराची उंची, खिडकीची रुंदी, खोलीत पलंग किती, हे सर्व त्याला ग्राहकाच्या चिठ्ठीतून कळते. त्या चिठ्ठ्यांच्या आधारे आणि वाचनात आलेल्या माहितीची जोड देऊन उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील घरांचा इतिहास मांडण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

ही तीन गावे लोहमार्गावर एकापुढे एक आहेत. कल्याणहून पळसदरीकडे जाणारा लोहमार्ग १८५६ साली सुरू झाला, तेव्हापासून या पट्ट्याचे भाग्य गाडीशी जोडले गेले. असे असूनही तिन्ही ठिकाणची घरे तीन निराळ्या कारणांनी उभी राहिली. बदलापूरचे घर शेतकऱ्याचे, अंबरनाथचे कारखान्याचे आणि उल्हासनगरचे चक्क सैन्याचे. आपल्यापैकी बहुतेक कुटुंबे येथे बाहेरून, व्यापारासाठी आली. त्यामुळे दुसऱ्यासाठी बांधलेल्या घरात आपला संसार मांडणे हे आपल्या वाडवडिलांच्या वाट्याला आले.

प्रथम उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ सैन्याची मोठी छावणी वसवण्यात आली होती. ६,००० सैनिक व अन्य ३०,००० लोक यांच्या निवासाची सोय तेथे होती. २,१२६ बरॅकी, असा तिचा विस्तार नोंदलेला आहे. युद्ध संपले, छावणी ओस पडली. आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या एक लाखाच्या आसपास निर्वासितांना याच रिकाम्या बरॅकींत आसरा देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वस्तीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. ते नाव तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी दिले. ज्यांचे घरदार, शेतीवाडी, पेढी सर्व मागे राहिले, त्यांच्या वस्तीला उल्हासाचे नाव मिळाले, यात धैर्य म्हणावे की विनोद, हे ज्याचे त्याने ठरवावे.

बरॅकीची रचना समजून घेतल्याशिवाय उल्हासनगर समजत नाही. बहुतेक बरॅकींत मध्यभागी एक लांबलचक दालन आणि दोन्ही टोकांना जोडखोल्या असत. शिपायाला खाट व पेटी ठेवण्यापुरती जागा पुरते. त्याला चूल लागत नाही, देवघर लागत नाही, बाळंतिणीची खोली लागत नाही. त्या एका दालनात अनेक कुटुंबे आली. त्यांच्यामध्ये पहिली भिंत उभी राहिली ती विटांची नव्हती, कापडाची होती. गोणपाट, जुनी साडी, चादर, जे हाताशी असेल ते दोरीवर टाकून प्रत्येकाने आपला संसार वेगळा केला. माझ्या व्यवसायाचा अभिमान म्हणून नव्हे, पण या शहराचे पहिले गृहशिल्प कापडाचे होते, हे नमूद केलेच पाहिजे. पुढे कापडाच्या जागी पत्रा व फळ्या आल्या, त्यानंतर अर्ध्या विटेची भिंत. दालनाच्या बाहेर पडवी ओढून स्वयंपाकघर झाले, पडवीपुढे न्हाणी झाली, न्हाणीच्या पुढे दुकानाची फळी आली. पापड, लोणची, मिठाई, तयार कपडे असे किती उद्योग या पुढे ओढलेल्या जागेत जन्माला आले, याची गणती नाही. आजचा गजानन मार्केटचा कापडबाजार, जपानी बाजार किंवा फर्निचर बाजार पाहणाऱ्याने ही सुरुवात विसरू नये.

निर्वासितांच्या भरपाई व पुनर्वसनासाठी १९५४ साली केंद्र सरकारचा कायदा झाला. त्यानुसार अनेकांना राहत्या जागा मालकी हक्काने मिळाल्या व सनदा दिल्या गेल्या. मात्र सनद एकाच्या नावावर, राहणारे तीन भाऊ, त्यांतील एकाने आपला हिस्सा स्टॅम्प पेपरवर दुसऱ्यास विकलेला, असे प्रकार सर्रास झाले. आमच्या समाजातील काही कुटुंबांनी अशाच हिश्श्यांत दुकाने व घरे घेतली. त्या कागदांचे महत्त्व त्या वेळी फारसे कोणाला वाटले नाही. शब्दावर व्यवहार चालत असे. बरॅकी आज जवळपास नाहीशा झाल्या आहेत, परंतु पत्ता लिहिताना अजूनही 'बी. के. नंबर' असा बरॅकीचा क्रमांक घातला जातो. चार मजली इमारतीत राहणारा मनुष्य कागदोपत्री आजही सैनिकाच्या बरॅकीत राहतो.

अंबरनाथचे तसे नाही. तेथे इतिहासाची मोजणी शतकांत करावी लागते. वालधुनीच्या काठावरील शिवमंदिरातील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा उल्लेख आहे. शिलाहार राजा छित्तराज याच्या काळात आरंभ व मुम्मुणीच्या काळात पूर्तता, असे अभ्यासक मानतात. या मंदिराचा गाभारा सभामंडपाच्या पातळीवर नसून सुमारे २० पायऱ्या उतरून खाली आहे आणि त्याच्या माथ्यावरून उजेड आत येतो. काळ्या दगडाच्या त्या वास्तूने साडेनऊशेहून अधिक पावसाळे सोसले. हा आकडा मी मुद्दाम देत आहे. पुढे त्याची आठवण होईल.

अंबरनाथच्या वस्तीला आकार दिला तो मात्र कारखान्यांनी. १९१९ साली स्थापन झालेली धरमसी मोरारजी केमिकल कंपनी, १९२३ साली स्थापन झालेली आगपेट्यांची वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजे आपली विम्को, त्यानंतर १९५३ साली आलेला संरक्षण खात्याचा मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना व ऑर्डनन्स कारखाना, आणि १९६२ नंतर औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत. या कारखान्यांच्या वसाहतींत घर कसे असावे याचा विचार आधी झाला व माणसे नंतर राहावयास आली. कौलारू छप्पर, पुढे ओटा, मागे परसू, दोन घरांत मोकळी जागा, रस्त्याच्या कडेला झाडे. हुद्द्याप्रमाणे घर लहान-मोठे असे, पण उजेड व वारा सर्वांना सारखा. ऑर्डनन्स इस्टेटच्या परिसरात फेरफटका मारणाऱ्यास हे आजही पटेल. या वसाहतींतून येणारे ग्राहक पडद्याचे कापड घेताना खिडक्यांची संख्या सांगत. उल्हासनगरचे ग्राहक दारांची संख्या सांगत, कारण खिडकी म्हणावी अशी बहुधा एकच असे. कंपनीच्या घराचा दोष एकच, निवृत्तीच्या दिवशी ते सोडावे लागे. भविष्य निर्वाह निधीचे पैसे हातात घेऊन पूर्वेला किंवा पश्चिमेला एखादी खोली शोधण्याचे काम कामगाराच्या माथी येई.

बदलापूरविषयी थोडक्यात सांगतो. घोडे बदलण्याचे ठिकाण म्हणून बदलापूर, अशी व्युत्पत्ती जुनी माणसे सांगतात. नदीकाठचे जुने गाव व स्टेशनाकडील कुळगाव ही त्याची दोन अंगे. येथील घर म्हणजे कुडाच्या किंवा दगडमातीच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन, ओटी, माजघर, मागे गोठा, अंगणात तुळस आणि बांधावर जांभळाचे झाड. या बदलापुरी जांभळाला अलीकडे भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले, ही आनंदाची गोष्ट. झाडे मात्र इमारतींसाठी तुटत आहेत. येथे आलेल्या आपल्या जुन्या कुटुंबांनी पुढे दुकान, मागे घर व वर माळा अशी रचना स्वीकारली. माळ्यावर धान्याची व कापडाची पोती, खाली पेढी. पाणी गाळून भरण्याची जागा, जिला गुजराती घरात पाणियारे व मारवाडी घरात परिंडा म्हणतात, ती घरातील सर्वांत स्वच्छ व थंड कोपऱ्यात असे. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपावयाचे म्हणून स्वयंपाकघर पश्चिमेच्या उजेडाकडे ठेवण्याकडे काही घरांचा कल दिसे. ही रचना कोणा वास्तुविशारदाने काढून दिलेली नव्हती. आचारातून ती आपोआप झाली. आजच्या फ्लॅटमध्ये परिंड्याच्या जागी भिंतीवरचे शुद्धीकरण यंत्र आहे आणि गळणे नळाच्या तोटीला बांधलेले आहे.

आता इमारतींच्या काळाकडे येऊ. १९८३ साली कल्याण महानगरपालिका झाली तेव्हा अंबरनाथ व बदलापूर तिच्यात समाविष्ट होते. १९९२ साली ती बाहेर पडली व त्यांचा कारभार स्वतंत्र नगरपरिषदांकडे आला. उल्हासनगरची महानगरपालिका १९९६ साली स्थापन झाली. हे प्रशासकीय तपशील कंटाळवाणे वाटतील, पण ज्या वर्षांत कोणाचे कार्यक्षेत्र कोणते याचीच घडी बसत होती, नेमक्या त्याच वर्षांत या पट्ट्यात सर्वाधिक घाईने बांधकामे झाली. उल्हासनगरात जागा संपलेली होती. सुमारे १३ चौरस किलोमीटरच्या त्या शहरात २०११ च्या जनगणनेनुसार ५,०६,०९८ लोक राहत होते. बरॅकीच्या हिश्श्यावर लोखंडी गर्डर टाकून एक मजला चढे, तर शेजारी जुनी जागा पाडून चार-पाच मजली इमारत उभी राही.

त्या काळी नदीच्या वाळूचा तुटवडा होता. तिच्याऐवजी 'रेजगा' या नावाने ओळखला जाणारा दगडी चुरा व हलक्या प्रतीची रेती वापरून अनेक इमारती बांधल्या गेल्या, असे पुढे दुर्घटना घडल्यावर उघडपणे बोलले गेले. दुकानात आलेला ग्राहक साध्या चादरीचा पोत चिमटीत धरून पाहतो, सूत उजेडाकडे धरतो, रंग जाईल का असे दोनदा विचारतो. तोच ग्राहक आयुष्याची पुंजी घालून फ्लॅट घेताना फरशीचा रंग विचारी. स्लॅबमध्ये काय घातले आहे हे विचारीत नसे. विकणाऱ्यानेही ते सांगितले नाही, आणि ज्यांनी तपासावयाचे त्यांनी तपासले नाही.

अनधिकृत बांधकामांचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला. ८५५ इमारतींवर टांगती तलवार आली व रहिवाशांच्या आक्रोशानंतर शासनाने २००६ साली उल्हासनगरसाठी बांधकामे नियमित करण्याचा स्वतंत्र कायदा केला. दंड भरून प्रत्यक्षात नियमित झालेल्या इमारती फारच थोड्या. शिवाय, माझ्या मते मूळ मुद्दा त्या कायद्याने सुटणारा नव्हताच. कागद नियमित झाल्याने स्लॅब मजबूत होत नाही. मे २०२१ मध्ये, १५ व २८ तारखेला, अवघ्या दोन आठवड्यांत उल्हासनगरातील दोन इमारतींच्या वरच्या मजल्यांचे स्लॅब कोसळले व खालच्या मजल्यांचे स्लॅब सोबत घेत खाली आले. दहापेक्षा अधिक माणसे मृत्यू पावली. दुसरी दुर्घटना नेहरू चौकाच्या परिसरातील, म्हणजे आपल्यापैकी अनेकांच्या रोजच्या वाटेवरची. ती इमारत साधारणतः पंचवीस वर्षांची होती. साडेनऊशे पावसाळे सोसणारे मंदिर तेथून काही किलोमीटरवर उभे आहे.

बदलापूरची भीती वेगळी, पाण्याची. २६ जुलै २००५ रोजी उल्हास नदीने जे दाखवले ते वृद्धांनीही पाहिले नव्हते. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी यांच्यामध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली व सुमारे १,०५० प्रवाशांची सुटका करावी लागली, हे सर्व देशाने दूरदर्शन संचावर पाहिले. २००१ साली ९७,९१७ लोकसंख्या असलेले हे गाव २०११ पर्यंत १,७४,२२६ वर पोहोचले, आणि त्यानंतरची वाढ तर डोळ्यांनी दिसते आहे. मुंबईत व ठाण्यात परवडत नाही, म्हणून आपली तरुण जोडपी येथे येतात. नव्या इमारतींचा तळमजला मोटारींसाठी खांबांवर मोकळा सोडलेला असतो. ही रचना पुरातही उपयोगी पडली. जेथे तळाशी घरे वा दुकाने होती, तेथील फर्निचर व माल गेला. घर घेताना नदीची पूररेषा कोठे आहे, हे नगरपरिषदेत जाऊन नकाशावर पाहता येते. त्यासाठी ओळख लागत नाही.

तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी मान्यताप्राप्त अभियंत्याकडून करून घेणे महानगरपालिका कायद्याने बंधनकारक आहे. १९९४-९५ च्या इमारतींनी आता ती मर्यादा ओलांडली आहे. तपासणीचा खर्च सर्व सदनिकाधारकांत विभागला तर एखाद्या घरच्या लग्नातील एका दिवसाच्या मंडपापेक्षा अधिक येत नाही. खरी अडचण पुढे येते. इमारत धोकादायक ठरली तर ती कोणाची, हा प्रश्न उभा राहतो. सोसायटी नोंदलेली नाही, जमीन अजून जुन्या सनदधारकाच्या वारसांच्या नावावर, करारनामे अर्धवट नोंदलेले. अशा इमारतीचा पुनर्विकास वर्षानुवर्षे रखडतो आणि माणसे जीव मुठीत धरून त्याच घरात राहतात. विकासकाने किंवा जमीनमालकाने हस्तांतरण करून दिले नाही तर मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद आहे. त्यासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करावा लागतो. परंतु अर्जाआधी सोसायटी हवी, आणि सोसायटीसाठी सर्वांनी एकत्र बसणे हवे. ज्यांच्या घरात वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावाची सनद, जुना स्टॅम्प पेपर वा कराची पहिली पावती असेल, त्यांनी ती ट्रंकेतून काढून तिच्या दोन प्रती करून ठेवाव्यात. वाळवी व दमट हवा या दोन्हींची आपल्या भागात कमतरता नाही.