आरे-वारेचा चढ आणि पेट्रोलची पारख

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणारा सागरी मार्ग साखरतर, काळबादेवी मागे टाकून आरे-वारेच्या किनाऱ्यांलगत येतो आणि वळणे घेत सड्यावर चढतो. खाली पसरलेला समुद्र पाहण्यासाठी पर्यटक येथे आवर्जून थांबतात. याच चढावर इंजिनाची आणि टाकीतील पेट्रोलचीही कसोटी लागते. सपाटीवर न जाणवणारे दोष येथे उघडे पडतात. गाडी धक्के देते, उचल कमी होते किंवा इंजिनातून धातूवर टिचकी मारल्यासारखा आवाज येतो. अशा वेळी पेट्रोलला दोष देऊन टाकीत ‘क्लीनर’ची बाटली ओतणे अनेकांना सोपे वाटते. मात्र दोष कोठे आहे हे ओळखल्याशिवाय केलेला हा खर्च बहुधा वाया जातो.

भेसळ कशी ओळखावी?

इंधनातील भेसळीचे गांभीर्य महाराष्ट्राला नव्याने सांगण्याची गरज नाही. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ तेलमाफियांनी जिवंत जाळले होते. पंपावर इंधनाची खातरजमा करून घेणे हा ग्राहकाचा हक्क आहे. स्वच्छ पुसलेल्या नोझलमधून फिल्टर पेपरवर पेट्रोलचा थेंब टाकल्यास तो सुमारे दोन मिनिटांत डाग न ठेवता उडून गेला पाहिजे. गडद, तेलकट डाग राहिल्यास शंकेला जागा आहे. फिकट गुलाबी छटा मात्र पेट्रोलमधील रंगाचीही असू शकते. लवकर उडणारे द्रावक या चाचणीत सापडत नाहीत. त्यासाठी घनता पाहावी लागते. पंपावर मोजलेली घनता १५ अंश सेल्सिअसच्या प्रमाणावर आणल्यावर नोंदवहीतील घनतेशी जुळली पाहिजे. प्रतिघनमीटर ३ किलोपेक्षा जास्त तफावत आढळल्यास पुढील तपासणी आवश्यक ठरते. मापाविषयी शंका असल्यास प्रमाणित ५ लिटरचे माप मागता येते.

किनाऱ्यावरील खरा शत्रू : पाणी

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. येथे भेसळीइतकीच काळजी पाण्याची घ्यावी लागते. देशात पेट्रोलमध्ये सरासरी १० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२२ मध्ये, तर २० टक्क्यांचे २०२५ मध्ये गाठले गेले. इथेनॉल पाण्याला आपल्यात सामावून घेते. थोडे पाणी त्यामुळे इंजिनात जळून निघून जाते. परंतु मर्यादेपलीकडे पाणी झाले की इथेनॉल पाण्यासह वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. इंधनपंप तळाकडूनच इंधन ओढत असल्याने गाडी अडखळते किंवा बंद पडते. वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन अंकही घटतो. म्हणूनच मुसळधार पावसात भूमिगत टाक्यांत पाणी शिरले नाही ना, याची तपासणी पंपचालकांसाठी महत्त्वाची असते.

चाकरमान्यांच्या गावच्या घरी गणपतीपासून शिमग्यापर्यंत उभ्या राहणाऱ्या गाड्यांना दुसरा धोका असतो. जुन्या पेट्रोलमधील हलके घटक उडून जातात, हवेतील प्राणवायूमुळे चिकट राळ तयार होते आणि इंजेक्टरची सूक्ष्म छिद्रे चोंदतात. कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या दुचाकींत हा त्रास अधिक होतो. शिवाय १ एप्रिल २०२३ पूर्वी बनलेल्या अनेक वाहनांचे रबरी भाग २० टक्के इथेनॉलसाठी तयार केलेले नाहीत. अशा गाड्यांच्या नळ्या व सील वेळोवेळी तपासून घ्यावेत. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असल्याने मायलेजमध्ये थोडी घट होणे हे भेसळीचे लक्षण समजू नये.

बाटलीतील द्रावणाचा उपयोग किती?

स्वच्छता करणारी रसायने निरुपयोगी नाहीत. अमेरिकेत १९९५ पासून पेट्रोलमध्ये अशी रसायने मिसळणे बंधनकारक आहे. पॉलिईथरअमाइन या घटकाची द्रावणे इंजेक्टरवरील, तसेच सेवन झडपांवरील काजळी सैल करू शकतात. मात्र ज्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, तेथे ते झडपांवरून वाहत नाही. त्यामुळे झडपा या मार्गाने स्वच्छ होत नाहीत. हे द्रावण भेसळयुक्त पेट्रोल शुद्ध करीत नाही, तळाचे पाणी काढीत नाही आणि झिजलेला स्पार्क प्लगही सुधारत नाही. पाणी शिरले असल्यास टाकी रिकामी करून घेणे हाच खात्रीचा मार्ग होय.

जादा ऑक्टेनच्या महाग पेट्रोलचेही तसेच आहे. ऑक्टेन अंक म्हणजे इंधनाची ताकद नव्हे, तर दाबाखाली अवेळी पेट न घेण्याची क्षमता. वाहनाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या अंकापेक्षा जास्त अंकाचे पेट्रोल भरल्याने साध्या इंजिनाला फारसा लाभ होत नाही. चढावर टकटक ऐकू आल्यास आधी खालचा गिअर टाकावा. आवाज कायम राहिल्यास गाडी जाणकार मेकॅनिककडे न्यावी.

वाहनधारकांनी काय करावे?

एअर फिल्टर, स्पार्क प्लग आणि इंजिन ऑईल पुस्तिकेतील वेळापत्रकानुसार बदलावेत. गाडी दीर्घकाळ उभी ठेवायची असल्यास ताजे पेट्रोल भरून टाकी जवळजवळ पूर्ण ठेवावी, म्हणजे आत दमट हवेला जागा उरत नाही. टाकीचे झाकण व त्याचे रबर तपासावे. क्लीनर वापरायचेच झाल्यास सांगितलेल्या मात्रेतच, ऑईल बदलण्याच्या थोडे आधी वापरावे. पेट्रोल भरल्यानंतर लगेच गाडी बंद पडल्यास वारंवार स्टार्टर मारू नये. पावती जपून ठेवावी, मेकॅनिककडून टाकीतील नमुना काढून घ्यावा आणि संबंधित तेल कंपनीकडे किंवा जिल्हा पुरवठा कार्यालयात तक्रार नोंदवावी. पावती आणि नमुना हाती असल्यास तक्रारीला आधार मिळतो. घाईने क्लीनर ओतल्यास मात्र तो नमुनाच बिघडतो.