राजाबाई टॉवर आणि वारसा-वास्तूंचे जतन

रामवाडीहून एस.टी.ने मुंबईस जाणाऱ्या आपल्या व्यापारी बंधूंना फोर्टमधील राजाबाई टॉवर अपरिचित नाही. श्रेष्ठिवर्य प्रेमचंद रायचंद या मूळच्या सुरतेच्या जैन व्यापाऱ्याने मातोश्रींचे नाव चिरंतन राहावे म्हणून त्यासाठी २ लाख रुपये दिले. १८६९ साली पायाभरणी झाली व १८७८ मध्ये सुमारे २८० फूट उंचीचा हा मनोरा पूर्ण झाला. दृष्टी गमावलेल्या राजाबाईंना सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम पाळता यावा म्हणून तेथील घंटानाद, अशी आख्यायिका आपल्या घरांतून आजही सांगितली जाते.

शासनाचे पुरातत्त्वविषयक कायदे होते. १९५८ चा केंद्राचा, १९६० चा महाराष्ट्राचा. परंतु त्यांचा रोख मुख्यतः किल्ले, लेणी अशा प्राचीन स्मारकांकडे. नित्य वापरातील कचेऱ्या, वाडे, ग्रंथालये यांना वाली नव्हता. तो मिळाला १९९५ साली, बृहन्मुंबईच्या वारसा नियमावलीने. देशातील अशी ही पहिलीच नियमावली होय. तिने वास्तूंच्या तीन श्रेणी केल्या. प्रथम श्रेणीत मूळ रूपास धक्का लावता येत नाही. द्वितीय श्रेणीत अंतर्गत बदलांस काही वाव असतो. तृतीय श्रेणीत तो अधिक असतो. यादीतील वास्तू पाडण्यापूर्वी वा बदलण्यापूर्वी वारसा समितीचा सल्ला व महापालिका आयुक्तांची अनुमती आवश्यक ठरली. मालकाचे बांधकाम हक्क बुडाल्यास ते अन्यत्र वापरण्याची तरतूदही आहे. हे कलम नसते तर मालकवर्गाने ही नियमावली कितपत मानली असती, याची शंकाच वाटते!

राजाबाई टॉवर प्रथम श्रेणीत आहे. २०१३ ते २०१५ या काळात त्याच्या दगडी कामाची व रंगीत काचांची निगुतीने दुरुस्ती झाली आणि २०१८ साली परिसरातील इमारतींसह तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. आपल्या जिल्ह्यातील रायगड व खांदेरी यांना हा मान २०२५ मध्ये लाभला.

जीर्णोद्धार हे आपल्याकडे थोर पुण्यकर्म मानले जाते. मात्र अनेक गावी त्या ओघात जुने कोरीव लाकडी खांब, चित्रित भिंती उतरवून संगमरवर बसविला गेला. हेतू निर्मळ होता, पण गेले ते पुन्हा येत नाही. लहान गावांतील अशा वास्तू बहुधा कोणत्याच यादीत नसतात. तेथे समिती म्हणजे विश्वस्त मंडळच. हातोडा लागण्यापूर्वी जुन्या इमारतीची मोजमापे, छायाचित्रे व शिलालेखांची नक्कल दप्तरी ठेवण्यास फारसा खर्च येत नाही.