सहा सिलिंडरांचा हट्ट

यंत्रांचा इतिहास म्हणून आपण जो लिहितो, तो बहुधा यंत्र बनवणाऱ्यांचा इतिहास असतो. शोध कोणी लावला, पेटंट कोणत्या साली घेतले, पहिला कारखाना कोठे निघाला, एवढे सांगितले की आपले काम संपले असे आपल्याला वाटते. ज्यांच्यासाठी ते यंत्र झाले त्यांनी त्याचे स्वागत कसे केले, याची नोंद क्वचितच होते. आज आम्ही ज्या प्रकरणाकडे लक्ष वेधणार आहोत ते अशाच एका स्वागताचे, किंबहुना नाराजीचे आहे. जर्मनीतील पोर्शे कारखान्याने २०१६ साली आपल्या बॉक्स्टर व केमन या स्पोर्ट्स मोटारींना नवे रूप आणि नवे टर्बो इंजिन दिले. गाड्या पूर्वीपेक्षा वेगवान झाल्या, आणि त्यांचे जुने भक्तच त्यांच्यावर रुसले. हा रुसवा पोरकट होता की त्यात काही अर्थ होता, हा आपल्यापुढील प्रश्न आहे.

प्रथम टर्बो म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. इंजिनात जितकी अधिक हवा कोंबता येईल तितके अधिक पेट्रोल जाळता येते, आणि तितकी शक्ती वाढते. जळून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंत बराच जोर शिल्लक असतो, तो एरवी वाया जातो. त्या वायूंनी एक पात्यांचे चाक फिरवावे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने ताजी हवा दाबून इंजिनात लोटावी, ही यातील कल्पना. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी या दिशेचे पेटंट १९०५ साली घेतले. विक्रीच्या मोटारींत मात्र ही युक्ती १९६२ साली अमेरिकेत, ओल्ड्समोबिल जेटफायर व शेव्हरोले कॉर्व्हेअर या गाड्यांतून आली.

पोर्शेचे भक्त टर्बोचे जन्मजात वैरी होते, असे मात्र कोणी समजू नये. १९७२ आणि १९७३ साली याच कारखान्याच्या टर्बो गाड्यांनी अमेरिकेतील कॅन-ॲम शर्यती गाजवल्या. १९७४ साली पॅरिसच्या प्रदर्शनात ९११ टर्बो लोकांसमोर आली. इंजिन तीन लिटरचे, शक्ती २६० अश्वशक्ती. तेलटंचाईचे ते दिवस, आणि गाडी तर स्वभावाने अवघड. चालकाने पाय दाबला की क्षणभर काहीच घडत नसे, कारण वायूंनी ते चाक पुरेसे फिरेपर्यंत वाट पाहावी लागे. मग सारी शक्ती एकदम मागच्या चाकांवर कोसळे, आणि वळणावर बेसावध चालकाची गाडी गर्रकन फिरे. तिला ‘विधवा करणारी’ असे भयंकर टोपणनाव मिळाले. तरीही शौकिनांनी तिला डोक्यावर घेतले.

नव्या गोष्टीची धास्ती त्यांना नव्हती असेही नाही. १९९७ साली ९११ चे इंजिन हवेऐवजी पाण्याने थंड होऊ लागले, तेव्हा मोठा गहजब झाला. समोरचे दिवे स्वस्त बॉक्स्टरसारखेच, म्हणून त्यांना तव्यावरच्या अंड्याची उपमा मिळाली. परंतु सहा सिलिंडरांचे आडवे इंजिन मागच्या बाजूस जागच्या जागी होते. कालांतराने राग ओसरला.

पुढे युरोपीय संघाने धुराचे नियम कडक केले. विकलेल्या नव्या गाड्यांचा सरासरी कार्बन डायऑक्साइड २०१५ पर्यंत दर किलोमीटरला १३० ग्रॅमवर, आणि त्यानंतर ९५ ग्रॅमवर आणणे आले. लहान इंजिनाला टर्बो जोडणे हा त्यावरचा सर्वांचा उपाय ठरला. २०१५ साली साधी ९११ कॅरेराही टर्बो झाली. तक्रारी उठल्या, पण सिलिंडर सहाच राहिले होते आणि गाडी पूर्ववत खपली.

बॉक्स्टर व केमन यांच्या बाबतीत मात्र दोन सिलिंडर कमी झाले. बॉक्स्टरचे २.७ लिटरचे सहा सिलिंडरी इंजिन जाऊन दोन लिटरचे चार सिलिंडरी टर्बो आले. शक्ती २६५ वरून ३०० अश्वशक्तीवर गेली, आणि शून्यापासून ताशी शंभर किलोमीटर गाठण्याचा वेळ जवळजवळ पाऊण सेकंदाने घटला. कारखान्याने इतिहासाचाही आधार घेतला. चार सिलिंडरांच्या ७१८ या शर्यती गाडीने १९५९ व १९६० साली सिसिलीतील टार्गा फ्लोरिओ शर्यत जिंकली होती, म्हणून नव्या गाड्यांना ७१८ हेच नाव दिले.

तरी मंडळी राजी होईनात. आकडे त्यांना मान्य होते. त्यांचे म्हणणे एवढेच की जुने इंजिन पायाच्या दाबाबरोबर सूर चढवीत वर जाई, आणि नव्याचा आवाज घोगरा, जपानी सुबारूसारखा वाटतो. ज्याने तंबोरा जुळलेला ऐकला आहे त्याला हे कळणे अवघड जाऊ नये. गाणे तेच असले तरी तार ढिली पडली की कान उठतो.

त्याच वर्षी पोर्शेने टर्बो नसलेल्या चार लिटर इंजिनाची, हाताने गिअर बदलण्याची ९११ आर ही गाडी काढली, फक्त ९९१. त्या मूळ किमतीच्या कितीतरी पट दराने हातोहात फिरू लागल्या. तक्रार तोंडदेखली नव्हती, हे यावरून दिसते. पुढे २०१९ साली केमन जीटी४ व स्पायडर, आणि २०२० साली जीटीएस ४.० या गाड्यांतून सहा सिलिंडर परत आले. जीटीएसला शक्ती ४०० अश्वशक्ती, आणि टर्बो नाही.

कोणी म्हणेल, मूठभर धनिकांच्या कानासाठी सर्वांची हवा बिघडवायची काय? हा आक्षेप रास्त आहे, आणि आम्ही तो टाळू इच्छित नाही. पण कारखान्याने काय केले ते पाहा. नव्या इंजिनात भार कमी असताना तीन सिलिंडर विश्रांती घेतात, आणि धुरातील कण अडवणारी गाळणी आहे. साध्या ७१८ मध्ये चार सिलिंडरी टर्बोच कायम राहिले. म्हणजे नियमही पाळला गेला आणि रसिकांचे म्हणणेही ऐकले गेले. त्यासाठी इंजिन नव्याने घडवण्याचे कष्ट मात्र घ्यावे लागले, आणि शौकिनांनी हट्ट धरला नसता तर ते कोणी घेतले असते असे आम्हांस वाटत नाही.

१९७४ साली टर्बोने त्यांना काही दिले, म्हणून त्यांनी त्याचे दोष सोसले. २०१६ साली त्याच टर्बोने त्यांच्याकडून काही काढून घेतले, आणि बदल्यात दिलेला वेग त्यांनी मागितलेलाच नव्हता. ७१८ चे पेट्रोल इंजिनाच्या रूपातील उत्पादन २०२५ साली थांबले. आता विजेच्या मोटारींचा काळ येत आहे, आणि त्यांत तर आवाजच उरत नाही. तेव्हाही लोक कुरकुर करतील. ती ऐकताना, यांना बदल नको आहे असे म्हणून आपण मोकळे होऊ नये. त्यांच्याकडून नेमके काय गेले, हे आधी विचारावे.