युरोपदर्शनाचा आराखडा आणि कामगाराची रजा

युरोपच्या प्रवासाचा बेत आखणारा गृहस्थ प्रथम नकाशा उघडतो. पॅरिसला किती मुक्काम, रोमला किती, वाटेत फ्लॉरेन्स बसते की नाही, ह्याची आकडेमोड चालते. मग खर्चाचा अंदाज होतो. परंतु हा सारा बेत ज्या गोष्टीवर उभा असतो ती म्हणजे रिकामे दिवस. पैसा उसना मिळू शकतो, दिवस मिळत नाहीत. तिकडचे राजवाडे, चर्चे आणि चित्रशाळा कोणी पाहाव्यात, हे फार काळ ह्या सवडीनेच ठरवले.

सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंडमधील जमीनदार घराण्यांतले तरुण शिक्षण आटोपल्यावर ‘ग्रँड टूर’ला निघत. रिचर्ड लॅसेल्स ह्या धर्मोपदेशकाच्या १६७० साली छापलेल्या इटलीविषयक पुस्तकात हा शब्द आढळतो. बरोबर शिक्षक, नोकर आणि हुंड्या. पॅरिस पाहून आल्प्स ओलांडायचा, मग ट्युरिन, फ्लॉरेन्स, रोम, नेपल्स. १७४८ मध्ये पाँपेईचे उत्खनन सुरू झाल्यावर तेही ह्या यादीत आले. वर्ष-दोन वर्षे असा प्रवास चाले, आणि तोवर घरच्या शेतांचा खंड कुळे भरीतच असत.

ह्या मक्तेदारीला धक्का दिला तो थॉमस कुकने. हा मूळचा सुतारकाम करणारा, बाप्टिस्ट पंथाचा आणि दारूबंदीचा कट्टर प्रचारक. ५ जुलै १८४१ रोजी त्याने लेस्टरहून लफबरोला सुमारे ५०० माणसे माणशी एका शिलिंगात आगगाडीने नेली. निमित्त दारूबंदीच्या सभेचे होते! पुढे १८५१ चे लंडनचे प्रदर्शन आले. १८४८ च्या युरोपातील उठावांची आठवण ताजी होती; मजुरांचे लोंढे राजधानीत आले तर दंगल माजेल अशी धास्ती वरच्या वर्गाला वाटत होती. एक शिलिंग प्रवेशाचे दिवस सुरू झाले, प्रदर्शनाला एकंदर साठ लाख भेटी झाल्या, दंगल काही झाली नाही. ह्या गर्दीत मंडळे स्थापून आठवड्याला थोडेथोडे पैसे साठवून आलेले मजूरही होते.

मला मात्र कुकची १८६१ ची सहल अधिक मोलाची वाटते. त्या वर्षी व्हिटसनच्या सणाची सुट्टी धरून त्याने दीड हजारांहून अधिक लोकांना सहा दिवसांसाठी पॅरिसला नेले. ही सहल कामगारांसाठी होती, आणि तिच्या लंडनमधील समितीचे अध्यक्ष होते स्फटिकमहालाचे रचनाकार जोसेफ पॅक्स्टन. कुकला तीत तोटा आला. दर कमी ठेवता येतो, दिवस वाढवता येत नाहीत, ही अडचण व्यापाऱ्याला सुटणारी नव्हती. त्यानंतर त्याच्या स्वित्झर्लंड-इटलीच्या सहलींत भरणा झाला तो शिक्षक, वैद्य, पाद्री आणि छोटे व्यापारी ह्यांचा. वरिष्ठ वर्गाला तेवढेही सोसले नाही. इटलीत वकिलात सांभाळणारा कादंबरीकार चार्ल्स लीव्हर ह्याने तर अशी कंडी पिकवली, की ऑस्ट्रेलियाने नाकारलेले गुन्हेगार इंग्रज सरकार कुकच्या हस्ते इटलीत आणून सोडीत आहे! बेडेकरच्या मार्गदर्शिकांत प्रेक्षणीय स्थळांपुढे तारका छापू लागले तेही ह्याच शतकात. ज्याच्यापाशी वर्ष आहे त्याला तारकांची गरज काय? त्या हव्यात पंधरा दिवसवाल्याला.

हे पंधरा दिवस फ्रान्सच्या कामगाराला १९३६ मध्ये मिळाले. १ मे रोजी काम बंद ठेवणाऱ्यांना काढून टाकल्यावरून ११ मे रोजी ल हाव्रच्या विमान कारखान्यात कामगार आतच ठाण मांडून बसले. जूनपर्यंत संपकऱ्यांची संख्या वीस लाखांच्या घरात गेली. ७ जूनला मातिन्यों येथे करार झाला. त्यात पगारवाढ होती, प्रतिनिधी निवडण्याचा हक्क होता. भरपगारी रजेचे कलम मात्र नव्हते. ते २० जूनच्या कायद्याने आले. मागणीपत्रे लिहिण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला ह्यात नवल वाटत नाही. पोटाचे कलम वर असते, सुट्टीचे खाली सरकते. लिओ लाग्रांज ह्या तरुण उपमंत्र्याने वार्षिक रजेसाठी रेल्वेचे चाळीस टक्के सवलतीचे तिकीट काढले. विरोधकांनी त्याचे खाते म्हणजे ‘आळसाचे खाते’ अशी टर उडवली. पहिल्याच वर्षी पाच लाखांहून अधिक माणसांनी ते तिकीट घेतले. लाग्रांज १९४० च्या जूनमध्ये आघाडीवर मारला गेला.

त्याच सुमारास जर्मनीतही कामगारांच्या सहली निघत होत्या, आणि आकड्यांत त्या फ्रान्सपेक्षा भव्य होत्या. पण तिथे २ मे १९३३ रोजी संघटनांची कार्यालये बळकावून त्यांचे निधी जप्त झाले होते, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात सहलींची सरकारी संस्था निघाली. बाल्टिक किनाऱ्यावर प्रोरा येथे वीस हजार माणसांचे विश्रामस्थान बांधायला घेतले. १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले, काम थांबले. एकही कामगार तिथे सुट्टीला गेला नाही. देणाऱ्याच्या मर्जीची सुट्टी अशी असते. फ्रान्समध्ये ती कायद्यात होती म्हणून वाढत गेली: १९५६ मध्ये तीन आठवडे, १९६९ मध्ये चार, १९८२ मध्ये पाच.

आज आपल्याकडचे पुष्कळ लोक तिकडे जातात. त्यांनी आराखड्यात दुसऱ्यांच्या सुट्ट्याही मांडाव्यात. ऑगस्टात पॅरिसमधील कित्येक पाववाले दुकान बंद करून गावाला जातात. व्हॅटिकनची संग्रहालये महिन्यातील शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद असतात. लूव्र तर एके काळी राजाचा वाडा. १७९३ मध्ये क्रांतीने तो लोकांसाठी उघडला. २०२४ साली तिथे ८७ लाख माणसे आली. १६ जून २०२५ रोजी ह्या गर्दीला आणि अपुऱ्या मनुष्यबळाला कंटाळून तेथील पहारेकऱ्यांनी आणि तिकीट देणाऱ्यांनी कामावर जायचे नाकारले, आणि काचेच्या पिरॅमिडपाशी हजारो प्रवासी दुपारपर्यंत तिष्ठत राहिले. तो सोमवार होता. दुसरा दिवस मंगळवार, लूव्रच्या साप्ताहिक सुट्टीचा.