फडकं आणि वाळूचा कण

जयपुरात सकाळी कुठल्याही वसाहतीतून चक्कर मारा, गाड्यांवर कोरडं फडकं फिरताना दिसेल. 'रोज पुसली की रंग टिकतो, धूळ साचली की ती रंग खाते' हे इथलं सर्वमान्य मत. ते साफ चुकीचं आहे, आणि त्याचा पुरावा याच शहरात, रत्नांच्या पेढ्यांवर सापडतो.

मे-जूनमध्ये आंधी येऊन गेली की बॉनेटवर पिवळसर थर बसतो. त्यात बारीक वाळू असते, आणि वाळू म्हणजे मुख्यतः गारेचा, क्वार्ट्‌झचा चुरा. फ्रीडरिश मोह्स यांनी 1812 साली खनिजांच्या कठीणपणाची जी दहा पायऱ्यांची पट्टी मांडली, तिच्यात क्वार्ट्‌झ सातव्या पायरीवर आहे. रत्नपारख्यांना या साताचं महत्त्व पक्कं ठाऊक असतं. त्याखालचा खडा, समजा मूनस्टोन, अंगठीत रोज वापरला की काही वर्षांत त्याची झिलई उतरते. साध्या धुळीतली वाळूच त्याला घासत असते. दगडाची ही गत, तर गाडीच्या रंगावरच्या पारदर्शक थराची, क्लिअरकोटची, काय होईल? तो प्लास्टिकच्या जातीचा आणि साधारण 40-50 मायक्रॉन जाड, केसाहून पातळ.

'पण फडकं तर मऊ सुती असतं!' असतं ना. सँडपेपरचा कागदही मऊच असतो. ओरखडतो तो फडक्यात अडकलेला कण, आणि त्याला जोर मिळतो आपल्या हाताचा. माझ्या काळ्या गाडीच्या दारावर तिरपं ऊन पडलं की कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसतात. दोन वर्षांच्या रोजच्या पुसण्याची ती कमाई. ती घालवायला पॉलिश करावं, तर तोच थर आणखी झिजतो, आणि राजस्थानच्या उन्हापासून रंगाला वाचवणारा थरही तोच.

मग सिरॅमिक कोटिंगचा मुद्दा येतो. '9एच' हा आकडा ऐकून लोकांना मोह्सची नववी पायरी, म्हणजे माणकाचा कठीणपणा वाटतो. हा 9एच पेन्सिलीचा आहे. ठरावीक कोनात पेन्सिल दाबून सरकवायची आणि चरा उमटतो का ते पाहायचं, एवढीच ती चाचणी. कोटिंगमुळे पाणी ओघळून जातं, मळ कमी चिकटतो, हे खरं. वाळूला मात्र ते अडवू शकत नाही.

पक्ष्यांची विष्ठा तेवढी लगेच काढावी, ती खरोखर रंग खाते. तिच्यावर ओलं कापड ठेवून भिजू द्यावं आणि मग अलगद उचलावं. कोरडी धूळ चार दिवस राहिली तर काही बिघडत नाही.

जयपूरचं पाणी टोंक जिल्ह्यातल्या बिसलपूर धरणातून येतं, ते जपूनच वापरायला हवं. आठवड्यातून एकदा दोन बादल्या पुरतात. आधी टपावरून झारीने पाणी सोडून वाळू वाहू द्यावी, मग शॅम्पूचं कापड हलक्या हाताने फिरवावं आणि प्रत्येक पत्र्यानंतर ते दुसऱ्या बादलीत विसळावं. धुणं संपल्यावर त्या बादलीच्या तळाशी बोट फिरवून पाहा, वाळू कचकचते.