चंडूखाना, परवाना आणि सरकार

ठाकुर्ली, डोंबिवली, कल्याण ह्या टापूतील बाजाररस्त्याने जाताना 'परमिट रूम' ही अक्षरे दृष्टीस पडली नाहीत असे सहसा होत नाही. ह्या दोन शब्दांचा मूळ अर्थ किती वाचकांच्या ध्यानी असेल, ह्याची आम्हांस शंका आहे. १९४९ सालच्या मुंबई दारूबंदी कायद्याने मद्यपान हा अपराध ठरवला, आणि ज्याला आरोग्यरक्षणासाठी मद्य आवश्यक आहे त्याला परवाना देण्याची तरतूदही पुढे त्याच कायद्यात झाली. अशा परवानेवाल्याने बसून प्यावयाची जागा ती परमिट रूम. कायदा आजही रद्द झालेला नाही. परवाना आजही कागदोपत्री लागतो. परंतु ज्या आरोग्याच्या नावाने तो निघतो त्याची चौकशी करण्यास त्या खोलीत कोणी नसते. गल्ल्यावर मात्र माणूस असतो.

हे येथे सांगण्याचे कारण असे की, परदेशांत काही वर्षे एका निराळ्या खोलीवरून राजकीय पक्षांत मोठे वादळ चालू आहे. स्वित्झर्लंडमधील बर्न शहरात १९८६ साली व कॅनडातील व्हँकूवर येथे २००३ साली अशी सेवनगृहे निघाली की, जेथे व्यसनी माणसाने आपले द्रव्य स्वतः आणावे, स्वच्छ सुई घ्यावी आणि परिचारिकेच्या नजरेखाली ते टोचावे. श्वास मंदावू लागला तर तो परत आणण्याचे औषध तिच्या हाताशी असते. व्हँकूवरचे सेवनगृह बंद करू पाहणाऱ्या सरकारास तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली अडविले. उलट त्याच देशातील ऑन्टारिओ प्रांताने शाळा व बालसंगोपनगृहे ह्यांच्या दोनशे मीटरांच्या आतील अशी केंद्रे २०२५ साली बंद पाडली. आणि त्याच वर्षाच्या जानेवारीत ग्लासगो शहरात ब्रिटनमधील पहिले सरकारमान्य केंद्र उघडले. एक पक्ष म्हणतो, हे सरकारने पापास आसन देणे होय. दुसरा म्हणतो, मेलेल्या माणसास सुधारता येत नाही. आपल्याकडे असे केंद्र नाही, त्यामुळे सुशिक्षित मंडळी हा वाद पाश्चात्यांचे एक नवे खूळ म्हणून वाचतात. वस्तुतः ह्या वादाचा पहिला अंक आपल्याच मुंबईत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस होऊन गेला आहे.

माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनकडे जात असे. १८४३ साली सिंध घेतल्यावर कराचीमार्गे दमणला जाण्याची तिची आडवाट इंग्रजांच्या ताब्यात आली, आणि पेटीमागे शेकडो रुपयांचा कर बसविणे सोपे झाले. जमशेटजी जिजीभाईंच्या संपत्तीत ह्या व्यापाराचा वाटा मोठा होता. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ऋण मानताना हेही विसरू नये. ही झाली परदेशी जाणारी अफू. घरी खपणाऱ्या अफूचा बंदोबस्त १८७८ सालच्या कायद्याने झाला, आणि त्याच वर्षी मुंबई इलाख्याचा अबकारी कायदाही आला. जकात, मीठ, अफू आणि अबकारी ही चारही खाती एकाच कमिशनरच्या हाती होती. अफूचे दुकान हे सरकारच्या लेखी काय होते, ते ह्या एका हुद्द्यावरून कळते. ह्या व्यवस्थेतच चंडू व मदत ओढण्याच्या परवानेदार जागा होत्या: ठेकेदाराने लिलावात बोली बोलावी, गिऱ्हाइकाने पडून धूर घ्यावा, आणि सरकारने वर्षअखेर हिशेब पाहावा. देखरेख होती, परंतु ती वजनावर आणि करावर होती.

ह्याविरुद्ध विलायतेत ओरड झाली. एप्रिल १८९१ मध्ये सर जोसेफ पीज ह्यांनी अफूचे उत्पन्न नीतिदृष्ट्या असमर्थनीय असल्याचा प्रस्ताव पार्लमेंटात आणला व त्यास अधिक मतेही मिळाली. त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने दुकानात बसून अफू ओढू देण्याचे परवाने बंद करण्याचे ठरविले. पुढे जून १८९३ मध्ये आल्फ्रेड वेब ह्यांनी प्रश्न पुन्हा उभा केला (हेच वेब पुढल्या वर्षी मद्रासच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले), तेव्हा ग्लॅडस्टनसाहेबांनी रॉयल कमिशनची तोड काढली. लॉर्ड ब्रॅसी अध्यक्ष. दरभंग्याचे महाराज आणि जुनागडचे दिवाण हरिदास विहारीदास हे दोन हिंदी सभासद. १८९५ च्या अहवालात बहुमताने सांगितले की, हिंदी माणूस अफू बेताने घेतो, ती त्याचे घरगुती औषध आहे, बंदीची आवश्यकता नाही. हेन्री विल्सन ह्या एकट्या सभासदाने जोरदार भिन्नमतपत्रिका जोडली.

आम्हांस ह्या प्रकरणात विशेष वाटते ते हिंदी लोकमताचे कोडे. दादाभाईंनी अफूच्या व्यापारावर कडक टीका केली होती. इकडे पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८८० साली नगरपालिकेत दारूच्या वाढत्या दुकानांविरुद्ध आवाज उठविला होता. तरीही अफूबंदी म्हटल्यावर अनेक देशी पुढाऱ्यांस धास्ती पडली की, बुडालेले उत्पन्न नव्या कराच्या रूपाने रयतेच्याच मानगुटीस बसणार. ही धास्ती खोटी नव्हती. विलायतेतील नीतिमान मंडळींनी पुण्य जोडावे आणि त्याचे बिल कोकणच्या कुळाने भरावे, हा व्यवहार कोणास आवडेल? परंतु ह्या साऱ्या वादात, अफू ओढणाऱ्या माणसाचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न तिजोरीवाले आणि नीतिवाले ह्या दोघांनीही टाळला.

त्याचा परिणाम दिसावयास वेळ लागला नाही. परवान्याच्या जागा बंद झाल्या, तेव्हा ओढणारे खाजगी खोल्यांत जमू लागले. ह्या 'क्लबां'चा उल्लेख कमिशनपुढील साक्षींतच आहे. पुढे मुंबईचे पोलीस कमिशनर असलेल्या एस. एम. एडवर्ड्स ह्यांनी १९१२ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात कसुंब्याच्या एका अड्ड्यास स्वतंत्र प्रकरण दिले आहे. पोलिसांच्या मुख्यासच जेथे लेखणी घेऊन बसावेसे वाटते, तेथे बंदीने काय साधले असावे, ह्याचा तर्क वाचकांनी करावा. १९३६ साली मुंबई प्रांतास अफू ओढण्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. आमच्या ठाणे जिल्ह्याचा अनुभव तर ह्याहून कडवट. चोरटी दारू थांबविण्यासाठी १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरच निर्बंध आले. ज्या वारली-ठाकर-कातकऱ्यांच्या पोटात टंचाईत ही फुले अन्न म्हणून जात, त्यांच्या झोपडीत अबकारी शिपाई शिरला. व्यसनावरची नजर गरिबाच्या ताटापर्यंत कशी पोहोचते, ह्याचे दुसरे चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

स्वातंत्र्यानंतर एक शहाणपणाची गोष्ट घडली, आणि ती फारशी कोणी आठवत नाही. औषधाखेरीज अफूची विक्री १ एप्रिल १९५९ पासून बंद करताना जुन्या अफूखोरांची नावे नोंदवून त्यांना वैद्यकीय दाखल्यावर अफू मिळण्याची सोय ठेवण्यात आली. म्हातारपणी ज्याची सवय सुटणे नाही, त्यास चोरबाजारात ढकलावयाचे नाही, एवढाच तिचा मतलब. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातही, इतक्या कठोर शिक्षांच्या गर्दीत, एकाहत्तरावे कलम आहे: सरकारने उपचारकेंद्रे काढावीत, आणि नोंदलेल्या व्यसनी माणसांस तेथून द्रव्य पुरवावे, असा अधिकार त्यात सरकारास दिलेला आहे. पुढल्याच वर्षी, गर्दने तरुण पोरे गिळावयास आरंभ केला तेव्हा, डॉ. अनिता अवचट ह्यांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केले. तेथील मार्ग संपूर्ण सोडण्याचा आहे व त्याने पुष्कळांचे संसार सावरले.

सोडू न शकणाऱ्यांसाठी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची केंद्रे आहेत, मुंबईतही आहेत. तेथे ब्यूप्रेनॉर्फिनची गोळी फुकट मिळते, परंतु सामान्यतः ती रोज येऊन परिचारिकेसमोर जिभेखाली विरघळवावी लागते. म्हणजे देखरेखीखालील सेवन आपल्याकडे नाही असे म्हणणे पूर्ण खरे नाही; नाव निराळे आहे, आणि सुईऐवजी गोळी आहे. ह्या गोळीचा उपयोग अफू-गर्दच्या जातीच्या व्यसनास होतो. हल्ली पोलिसांच्या छाप्यांत वारंवार सापडणाऱ्या मेफेड्रोनवर तिचा इलाज चालत नाही, व त्यास तोडीचे दुसरे औषधही नाही. कल्याण-डोंबिवलीच्या एखाद्या सभेत उद्या कोणी अशा केंद्राचा प्रस्ताव आणलाच, तर शाळा किती मीटरांवर आहे हे पहिल्या पाच मिनिटांत विचारले जाईल. ते विचारलेच पाहिजे. मात्र त्याच रस्त्यावरची परमिट रूम शाळेपासून किती मीटरांवर आहे, तेही त्याच फितीने मोजून घ्यावे.